घर म्हातारपणाने पडत नाही

जुन्या नाशकात, रविवार कारंजा ते तिवंधा या भागात, विटांचे एखादे दुमजली घर विकायला निघाले, की फुकट सल्ला देणारे आपोआप जमतात. गंगापूर रोडचे दर ऐकून मागे फिरलेल्या कुटुंबाला असे घर परवडत असते. पण "जुने आहे, आज ना उद्या पडेल, बँक कर्ज देणार नाही, दुरुस्तीला पैसा पुरणार नाही, त्यापेक्षा शहराबाहेर का होईना, नवा फ्लॅट घ्या," असा उपदेश सुरू होतो. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. त्यांचा युक्तिवाद मात्र तपासून घ्यायला हवा.

पडण्याची भीती निराधार नाही. पावसाळा आला की जुन्या नाशकात कुठेतरी वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येते आणि महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा लावते. पण ती भिंत ढासळते कशाने? कौले फुटलेली असतात, पन्हळ तुंबलेली असते, तुळईचे भिंतीत बसवलेले टोक वर्षानुवर्षे भिजून कुजलेले असते आणि वारसांच्या भांडणात घर कुलूपबंद असते. किंवा शेजारचा वाडा पाडला जातो, दोघांची सामाईक भिंत उघडी पडते, तिच्या पायाशी नव्या इमारतीचा खड्डा खणला जातो आणि वर पाऊस कोसळतो. यात विटेचा दोष कोणता? चुन्यात रचलेली दीड-दोन फुटी भिंत वयाने मरत नाही. तिला मारते ते पाणी, आणि पाण्याला वाट करून देणारे दुर्लक्ष.

नवे म्हणजे टिकाऊ, हेही गृहीतकच आहे. काँक्रीटमधली सळई गंजली की फुगते आणि आतून स्लॅब फोडते. तीस-चाळीस वर्षांच्या सोसायट्यांमधून पोपडे सुटलेले सज्जे पाहिले की हा रोग कळतो; पण तो दिसेपर्यंत आत बराच मुरलेला असतो. विटेची भिंत आपले दुखणे लपवत नाही. ओल चढली की लोणा धरतो, पाया खचला की तिरकी भेग जाते, तुळई खालावली की दार अडकते. ज्याचा रोग उघड दिसतो, त्याच्यावर उपचार वेळेत होतो.

दुरुस्तीचा पैसा खड्ड्यात जातो, असे म्हणणारे सहसा चुकीच्या दुरुस्तीबद्दल बोलत असतात. ओली भिंत दिसली की गवंडी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवतो. वर्षभर ती छान दिसते. मग आत कोंडलेली ओल वर सरकते, गिलावा सुटतो आणि जाताना विटेचा पापुद्रा घेऊन जातो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती अडवते. एवढा फरक न ओळखता केलेला खर्च वाया जाणारच. आधी छप्पर आणि पन्हळ, मग जोत्याभोवतीचा निचरा, मग चुन्याने दरजा भरणे, आणि रंगरंगोटी सर्वांत शेवटी, हा क्रम पाळला तर खर्च आटोक्यात राहतो. शिवाय तो टप्प्याटप्प्याने, हातात पैसे येतील तसा करता येतो.

भूकंपाचा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. नाशिक भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या श्रेणीत येते. 1993 मध्ये किल्लारीला माणसे गाडली गेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदांच्या ओझ्याखाली. आपले घर विटांचे आहे म्हणून निश्चिंत राहणे मूर्खपणाचे ठरेल. न सांधलेल्या भिंती विटांच्या असल्या तरी हादऱ्यात एकमेकींपासून सुटतात. पण कोपरे सांधणे, भिंतींना आडवे पट्टे देणे, छप्पर भिंतींशी जखडणे हे उपाय माहीत आहेत आणि भारतीय मानक 13935 त्यासाठीच आहे. म्हणून हा आक्षेप घर घेऊ नका असे सांगत नाही. संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय घेऊ नका, असे सांगतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्थैर्य तपासून घेणे महापालिका कायद्यालाही अपेक्षित आहे.

राहिला कागदांचा आणि कर्जाचा प्रश्न. घराचे शिल्लक आयुष्य मोजून बँक हात आखडता घेते, हे खरे. तेव्हा आपली पुंजी जास्त घालावी लागते. पण फ्लॅटचे कागद सरळ असतात, हा भ्रम आहे. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झालेलीच नाही, अशी स्थिती इतकी सर्रास होती की त्यासाठी मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. जुन्या घरात जमीन सहसा घराबरोबरच येते. तिच्यावर नावे किती, हे मात्र पाहावे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक काढावे, तीस वर्षांचा शोध घ्यावा, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या घ्याव्यात. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आत जुना भाडेकरू असेल तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण घेऊन तो तुमच्यासोबतच राहणार, हे धरून चालावे.

आणि काही घरे खरोखरच घेऊ नयेत. गोदावरीच्या पुरात काठावरचा दुतोंड्या मारुती बुडाला की पाणी कुठवर येते, हे सराफ बाजारातला कोणीही दुकानदार सांगेल; ऑगस्ट 2016 चा पूर कोणी विसरलेले नाही. निळ्या पूररेषेच्या आतले घर स्वस्त का आहे, ते उघड आहे. काझीच्या गढीसारख्या खचत्या मातीवरचे घर फुकट मिळाले तरी नको. विटा मातीत रचलेल्या असतील, खिळ्याने उकरताच दरज भुसभुशीत गळत असेल, तर तिथूनही परतावे.

या चाळणीतून जे घर उरते, ते घेण्यासारखे असते. उन्हाळ्यात जाड भिंतींमुळे खोल्या उशिरा तापतात, बाजार आणि शाळा पायी गाठता येतात, गच्चीपासून जोत्यापर्यंतचा निर्णय आपला असतो. गल्लीत चारचाकी शिरत नाही ही अडचण आहेच. पण रोजचा प्रवास वाचल्यावर ती किती मोठी राहते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मला सर्वांत मोठा वाटतो तो फायदा शेजाऱ्यांचा आहे. रिकामे घर दोन्ही बाजूंच्या भिंतींना ओल लावते. त्यात माणसे राहायला आली की पन्हळ साफ होते आणि तीन घरे वाचतात. म्हणून महापालिकेनेही पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस चिकटवण्यापुरते काम न ठेवता दुरुस्तीची परवानगी झटपट द्यावी. आणि घेणाऱ्याने घराचे वय विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: छप्पर गळते का, जोत्याला ओल आहे का, पत्रकावर किती नावे आहेत? या तिन्हींची उत्तरे नीट मिळाली, तर सल्लागारांना चहा पाजून निरोप द्यावा आणि इसाराचे पैसे द्यावेत.