हौसेला हवी नोंदवही

मैत्रिणींनो, चार हौशी माणसं एकत्र जमली की काय होतं? चहा होतो, गप्पा होतात, फार तर वर्षातून एक सहल निघते. पण इंग्लंडातल्या अशाच एका हौशी मंडळाने चक्क समुद्राच्या तळातून एक जहाज वर काढलं! आज त्याचीच हकिगत सांगते.

‘मेरी रोझ’ हे आठव्या हेन्री राजाचं लाडकं लढाऊ जहाज. १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंचांशी लढताना ते पोर्टस्मथजवळ, राजाच्या डोळ्यांदेखत बुडालं. त्यावरच्या चारपाचशे माणसांपैकी पस्तीससुद्धा वाचली नाहीत. पुढे जहाज चिखलात रुतलं ते रुतलंच.

१९६५ साली अलेक्झांडर मॅकी या लेखकाने गावातले हौशी पाणबुडे गोळा केले आणि शोध सुरू केला. कुणी जुने नकाशे धुंडाळी, कुणी सुट्टीच्या दिवशी गार, गढूळ पाण्यात बुडी मारी. बुडालेल्या जहाजांना तेव्हा तिथे कायद्याचं संरक्षण नव्हतं. कुणीही यावं नि हाताला लागेल ते उचलून न्यावं! म्हणून या मंडळींनी १९६८ साली समुद्राचा तेवढा तळच भाड्याने घेतला. भाडं किती? वर्षाला एक पौंड! अखेर १९७१ साली जहाजाची लाकडं दिसली.

आता आपल्या कौतुकाची गोष्ट. या कामातल्या पुराणवस्तुशास्त्रज्ञ होत्या मार्गारेट रूल. पाणबुडे वर येऊन सांगायचे, त्यावरून त्यांना खालचा अंदाज येईना. तेव्हा चाळिशी उलटलेल्या या बाईंनी सरळ पाणबुडीचं शिक्षण घेतलं आणि स्वतः तळाशी उतरल्या. पुढे पाचशेहून अधिक स्वयंसेवक पाणबुडे या कामात आले. त्यांनी जवळजवळ २८ हजार बुड्या मारल्या.

आणि सापडलं काय? तोफा होत्याच. पण लाकडी वाडगे, चामड्याचे जोडे, विटांच्या चुली, त्यांवरचे मोठाले हंडे, उवा काढायच्या बारीक दातांच्या फण्या, इतकंच काय, मिऱ्याचे दाणेसुद्धा! एकूण १९ हजारांवर वस्तू. राजाचा इतिहास दरबारी कागदांत होताच. त्या बुडालेल्या गरीब खलाशांचा मात्र या वाडग्या-फण्यांतच उरला होता.

इथेच हौसेची कसोटी लागते बरं का. एखाद्या पाणबुड्याने आठवण म्हणून एक फणी खिशात घातली असती, तर ती त्याच्या दिवाणखान्यात नुसती शोभेची वस्तू झाली असती. ती कुठे, कुणाच्या पेटीत, कशाशेजारी होती, हे कळलं तरच ती बोलते. म्हणून प्रत्येक वस्तूची जागा मोजायची, चित्र काढायचं, क्रमांक द्यायचा आणि मगच ती हलवायची, असा त्यांचा शिरस्ता. शिवाय शेकडो वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड एकदम वाळलं तर आक्रसतं, तडकतं. म्हणून ते ओलंच ठेवायचं. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा उरलेला भाग वर आला, त्यानंतर त्यावर वर्षानुवर्षं आधी गार पाण्याचा, मग मेणासारख्या रसायनाचा फवारा चालू होता. आज तो पोर्टस्मथच्या संग्रहालयात आहे.

आपल्याला काही समुद्रात उतरायचं नाही. पण माळ्यावर सासूबाईंचं पितळी पातेलं असतं, आजेसासूबाईंची फणेरपेटी असते. ती कुणाची, कुठून आली, हे सांगणारं माणूस घरात आहे तोवरच विचारून घ्या. एका जुन्या वहीत क्रमांक घाला, पुढे दोन ओळी लिहा, तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने वस्तूला बांधा. आणि हो, मोडीत द्यायची घाई करू नका. महिला मंडळाच्या पुढच्या सभेला प्रत्येकीने अशी एक वस्तू तिच्या नोंदीसकट आणली, तर चहाबरोबर गप्पांनाही वेगळीच गोडी येईल. नाही का?