जिभेवरचे भय

यंदाच्या दीपावली अंकात कथा, कविता आणि ललित लेखन यांच्या जोडीने एक विभाग आम्ही मुद्दाम अशा विषयाला दिला आहे, की ज्याची गणना वाङ्मयीन विषयांत सहसा होत नाही. आणि तो विषय म्हणजे सामान्य माणसाला इंग्रजी बोलावयास आणि चारचौघांत वावरावयास शिकविणारे शिकवणी-वर्ग. छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यापासून टी.व्ही. सेंटरपर्यंत कोणत्याही वर्दळीच्या रस्त्याने निघावे, तो ‘स्पोकन इंग्लिश’ आणि ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ अशी जोडनावे मिरविणाऱ्या पाट्या दिसत राहतात, आणि आपल्यातील सुशिक्षित मंडळी त्यांकडे पाहून नाक मुरडतात. आम्हांस हे नाक मुरडणे मान्य नाही. त्या वर्गांचा जिना चढणारी माणसे कोण आहेत हे एकदा उभे राहून पाहावे: बीड, जालना, परभणीच्या खेड्यांतून पदविका घेऊन आलेला आणि खोली भाड्याने घेऊन राहिलेला तरुण, वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून, डबा तसाच हातात घेऊन संध्याकाळच्या बॅचला आलेला कामगार, मूल इंग्रजी शाळेत घातल्यामुळे पालकसभेत बाईंपुढे दोन वाक्ये बोलता यावीत एवढीच इच्छा धरून आलेली गृहिणी. ही माणसे हौसेने आलेली नाहीत. कोठेतरी कोणापुढे तरी त्यांची जीभ अडली, आणि त्या अडलेल्या क्षणाचे शल्य त्यांना येथवर घेऊन आले आहे.

सत्तेची भाषा पैसे मोजून मिळविण्याचा प्रसंग या शहरावर प्रथमच आलेला नाही. मलिक अंबराने १६१० साली खडकी म्हणजेच हे शहर वसविले तेव्हापासून दप्तराची भाषा येथे अनेकदा बदलली. आधी फारसीचा अंमल, मग आसफजाही रियासतीत उर्दूचा. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उच्च शिक्षण उर्दूतून देण्यासाठीच. त्या काळी मराठी कुळाला कचेरीत तक्रार गुदरावयाची असली, तर बाहेर बसलेल्या अर्जनवीसाला पैसे देऊन ती लिहवून घ्यावी लागे, आणि स्वतःचेच गाऱ्हाणे स्वतःस न कळणाऱ्या शब्दांत घडी घालून साहेबापुढे ठेवावे लागे. तरीही एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उर्दू ही येथे केवळ दरबारची भाषा नव्हती. ती वली दखनी आणि सिराज औरंगाबादी यांच्या काव्याची, बाजाराची आणि पलीकडच्या मोहल्ल्याचीही भाषा होती. आणि म्हणूनच १९४८ च्या सप्टेंबरात रियासत संपली तरी ती या शहरातून गेली नाही. शाळेत न गेलेला मराठी भाजीवालाही ती सहज बोलतो, चुकतो आणि पुढे जातो, कारण ती त्याला शेजाऱ्याने शिकविली. इंग्रजी बोलणारा शेजारी मात्र या शहराला कधी लाभला नाही. छावणीत इंग्रज अंमलदार राहिले, ते साहेब म्हणून राहिले. पुढे कारखान्यांत इंग्रजी आली, तीही साहेबाच्या टेबलापलीकडूनच बोलली गेली. जी भाषा केवळ वरून खाली ऐकू येते, तिच्यात खालून वर बोलताना जीभ अडखळावी यात नवल ते काय?

१९६० साली मराठी भाषकांचे राज्य झाले आणि १९६४ च्या अधिनियमाने मराठी ही राजभाषा झाली, तेव्हा हा प्रश्न मिटला असे आपल्या वडीलधाऱ्यांना वाटले असावे, आणि कचेरीपुरता तो बराचसा मिटलाही. परंतु उपजीविकेचे केंद्र कचेरीतून कारखान्याकडे सरकले. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्याभोवती सुट्या भागांचे लहानमोठे उद्योग उभे राहिले, पुढे शेंद्र्याची वसाहत आली. आणि हातात कसब असलेल्या मुलाची मुलाखत ज्या भाषेत होऊ लागली, त्या भाषेत त्याने आयुष्यात एकदाही कोणाला हाक मारलेली नव्हती.

शाळेने काय केले, असे कोणी विचारील. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. म्हणजे बारावी झालेला मुलगा एक तप त्या भाषेच्या सहवासात असतो. आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसल्या, नंतरच्या पिढ्यांनी कपिल देवच्या छायाचित्राने ओळखीचा झालेला रॅपिडेक्सचा जाडजूड ग्रंथ उशाशी ठेवला. आणि या सर्वांतून वाचता येऊ लागले, भाषांतरही जमू लागले, बोलता मात्र आले नाही. त्याचे कारण व्याकरणात नाही. बोलणे हे चुकत चुकतच येते, आणि इंग्रजीत चुकणे हे आपल्या समाजाने अप्रतिष्ठेचे लक्षण मानले आहे. मराठीत ‘ण’ चा ‘न’ झाला तर बोलणाऱ्याचे गाव कळते, आणि तेवढ्यावरूनही हसणारे आहेतच. पण इंग्रजीत क्रियापद चुकले की त्याची सारी योग्यताच कळली असे आपण समजतो. पाट्या लावणारे हे वर्ग जे विकतात ती वस्तुतः भाषा नसून, न हसणाऱ्या माणसांच्या संगतीत घालविलेला एक तास आहे. सगळेच अडखळतात, म्हणून कोणी कोणाला हसत नाही. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीची जाहिरात खोटी आहे आणि तिचा निषेध आम्ही करतोच. पण त्या तासाचे मोल खोटे नाही.

हे भय गेले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर गाडिवाट नावाचे खेडे आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ साली मुलांना विचारले, की परकी भाषा शिकावयाची तर कोणती शिकाल; आणि यंत्रमानवाच्या विद्येचे आकर्षण असलेल्या त्या मुलांतील बहुतेकांनी जपानी मागितली. पाठ्यपुस्तक नव्हते, शिक्षकांनी आंतरजालावरील चित्रफिती आणि भाषांतराची साधने धुंडाळून आरंभ केला, आणि वार्ता कळताच शहरातील एका जाणकाराने विनामूल्य शिकविण्याचे आपण होऊन पत्करले. टाळेबंदीत सर्वांकडे फोन नव्हते, तेव्हा ज्या मुलाने पाठ ऐकला त्याने ‘विषय मित्र’ होऊन तो इतरांना शिकवावा, अशी रीत पाडण्यात आली. या मुलांची जीभ जपानीत का अडली नाही? जपानीत चुकल्यावर हसणारा गावात कोणी नव्हता, आणि जपानी येते म्हणून वरचढ ठरणाराही कोणी नव्हता. बुद्धी तीच, शाळा तीच, रस्ताही तोच खड्ड्यांचा. उणा होता तो केवळ दरारा.

वर्गांच्या पाटीवरचा दुसरा शब्द, तो ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’चा, आम्हांस अधिक चिंतेचा वाटतो. हस्तांदोलन किती घट्ट करावे, खुर्चीत कसे बसावे, स्मित किती करावे, याचे पाठ देण्यात वावगे काही नाही. परंतु त्या पाठांतून जेव्हा असे सुचविले जाते, की आईबापांकडून घेतलेली बोलण्याची ढब, वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवण्याची रीत, गावाकडचा मोकळा आवाज हे सर्व दोष आहेत आणि ते पुसून काढावयाचे आहेत, तेव्हा शिक्षणाच्या नावाखाली आत्मतिरस्कार पेरला जातो. आत्मविश्वास असा पुसापुशीने येत नाही. तो कसा येतो हे याच शहराने एकदा पाहिले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे सुरू केले, तेच पुढे नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय. ज्यांच्या घराण्यात अक्षर आलेले नव्हते अशी मुले तेथे आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि त्या मुलांनी ते रंगमंचावर उभे केले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी मान वर करू नये असा दंडक होता, ती मुले आपल्याच पूर्वजांची कथा आपल्याच भाषेत, दिव्यांच्या झोतात, भरल्या सभागृहापुढे खणखणीत बोलली. ज्याला एका भाषेत निर्भयपणे उभे राहता येते त्याला दुसरी भाषा शिकविणे हे मग केवळ वेळेचे काम उरते, असे आमचे मत आहे; आणि मराठीत मुके ठेवलेल्या मुलाला इंग्रजीत बोलके करण्याचा आजचा उलटा उद्योग त्यामुळेच एवढा खर्चिक झाला आहे.

तेव्हा इंग्रजी नको, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त शूद्रांना या भाषेकडे आवर्जून बोलाविले, ते विचारपूर्वकच. आमची तक्रार एवढीच, की जे सार्वजनिक कर्तव्य होते ते आपण गरिबाच्या खिशावर टाकले. शिक्षकांना इंग्रजीचे प्रशिक्षण देणारी राज्य आंग्लभाषा संस्था याच शहरात उभी राहिली; टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या साहाय्याने राज्याने चालविलेल्या ‘तेजस’ उपक्रमात जिल्हा परिषदेचे शिक्षक गट करून एकमेकांशी बोलत इंग्रजी सुधारू लागले, हेही आपण पाहिले. म्हणजे मार्ग अज्ञात नाही. तो शाळेच्या फाटकाबाहेर, मुलाखतीत अडलेल्या माणसापर्यंत गेलेला नाही.

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील उद्योजकांस आमची विनंती आहे, की ज्या जागेच्या कामात इंग्रजी लागत नाही त्या जागेची मुलाखत मराठीत किंवा हिंदीत घ्यावी, आणि जेथे लागते तेथे कामावर रुजू झाल्यावर ती पगारी वेळेत शिकवावी. महाविद्यालयांनी आठवड्यातील एक तास वादविवादाला द्यावा, तोही आधी मराठीत. आणि १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाच्या आधारे अनुदान घेणारी जी सार्वजनिक ग्रंथालये तालुक्या-तालुक्यांत आहेत, त्यांच्या वाचनकक्षांत संध्याकाळच्या वेळी विनामूल्य संभाषण-वर्ग बसावा. शिकवावयास निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, परदेशी राहून आलेली मुले-मुली असे कितीतरी लोक गावोगावी आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे या अंकाचे वाचक आहेत. त्यांनी दिवाळीची सुटी सरण्यापूर्वी आपल्या गावच्या ग्रंथपालाची गाठ घ्यावी, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मागून घ्याव्यात, आणि पहिल्या दिवशी आलेल्या माणसांना एवढेच सांगावे, की येथे चुकले तरी चालेल.