25 टक्के बिलो

टेंडर भरायची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री तालुक्याच्या गावातला छोटा ठेकेदार एकाच आकड्याशी झगडत असतो. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-वन नमुन्यात, खात्याने काढलेल्या रकमेपेक्षा किती टक्के वर किंवा खाली काम करणार, एवढेच सांगायचे असते. बयाणा रक्कम भरून झालेली, कागदपत्रे तांत्रिक लिफाफ्यात चढवलेली. उरतो तो टक्का.

हा टक्का अनेक कामांत 20, 25 ‘बिलो’ जातो आणि सरकारी कागदावर ही घट बचत म्हणून मिरवते. हिशेब मात्र कोणी मांडत नाही. दरसूचीतले दर बांधताना ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च आधीच धरलेला असतो; केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग त्यासाठी 15 टक्के धरतो. त्या प्रमाणात 1 कोटीच्या कामाचा प्रत्यक्ष खर्च साधारण 87 लाख होतो. 25 टक्के बिलो म्हणजे 75 लाख. नफ्यावर पाणी सोडले, वरखर्च पदरचा घातला, तरी 12 लाख कमी पडतात. म्हणजे एकतर अंदाजपत्रकच फुगवलेले होते, नाहीतर हे 12 लाख खडीच्या थरातून आणि डांबराच्या प्रमाणातून काढले जाणार. पहिले खरे असेल तर अंदाजपत्रक करणाऱ्याला जाब विचारायला हवा. दुसरे खरे असेल तर पहिल्याच पावसाळ्यात ते रस्त्यावर दिसते.

जाब कोणी विचारत नाही. सर्वांत कमी दराला काम दिले की अधिकारी सुरक्षित. दुसऱ्या क्रमांकाच्या ठेकेदाराला दिले की चौकशी मागे लागते.

फार कमी दर भरणाऱ्याकडून महाराष्ट्रात जादा सुरक्षा ठेव घेतात. पण ठेव भरायला ऐपत लागते, चांगले काम करायची तयारी त्यातून कळत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांत ठरावीक कामांसाठी गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली, ती स्वागतार्हच. त्याहून मोलाची सूचना पुढे आहे: चालू देयकाची किमान 75 टक्के रक्कम कामकाजाच्या 10 दिवसांत द्यावी.

महाराष्ट्राचे दुखणे नेमके इथे आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये ठेकेदारांच्या संघटनांनी कामे थांबवली, तेव्हा त्यांनी सांगितलेली थकबाकी सुमारे 89 हजार कोटींची होती. बिल कधी निघेल हे माहीत नसताना प्रामाणिक दर भरायचा कसा? खडीवाला उधारीवर थांबत नाही, बँकेचे व्याज थांबत नाही, आणि ते व्याज दरात धरले की काम हातचे जाते. राज्यात छोट्या कामांतली 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी आणि 33 टक्के मजूर संस्थांसाठी ठेवतात. हेतू अत्यंत चांगला. पण नवख्या अभियंत्याचे पहिलेच बिल वर्षभर अडकले तर दुसरे टेंडर भरायला तो उरेल कशाला?

म्हणून टेंडरच्या पहिल्याच पानावर त्या कामासाठी यंदा किती निधी उपलब्ध आहे, हे छापले पाहिजे. 15 टक्क्यांहून खाली गेलेल्या प्रत्येक दराचे विश्लेषण ठेकेदाराकडून लेखी घेऊन ते लोकांसमोर ठेवले पाहिजे. रस्त्याकडेच्या फलकावर कामाची रक्कम आणि ठेकेदाराचे नाव असते. त्याच्याच खाली तो टक्का आणि दोषदायित्वाची, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून देण्याच्या मुदतीची, शेवटची तारीखही रंगवावी.