एजंट हवा, पण कशासाठी?



नव्या कादंबरीकाराने आधी साहित्यिक एजंट गाठावा, मग प्रकाशक, हा गेल्या अंकातील लेखाचा सल्ला इंग्रजीत लिहिणाऱ्याला ठीक आहे. मराठीत मात्र हस्तलिखित आजही थेट प्रकाशकाच्या टेबलावर जाते. नेमाडेंची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीने काढली, ती एजंटाच्या चिठ्ठीवर नव्हे.

एजंटाचे खरे काम पुढे सुरू होते. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही मराठी कादंबरी मौज प्रकाशनाने २००६ मध्ये काढली. जेरी पिंटोंचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला, पुढे चित्रपटही झाला. अशा वेळी अनुवादाचे, चित्रपटाचे हक्क कोणाकडे, यावर घासाघीस करणारा माणूस लेखकाच्या बाजूने हवा.

पण असा माणूस ओळखायचा कसा? मी न्हावा शेव्यात कस्टम ब्रोकरच्या कचेरीत काम करतो. आयात मालाची बिल ऑफ एंट्री भरणाऱ्या आमच्या ब्रोकरला सीमाशुल्क खात्याचा परवाना लागतो; साहित्यिक एजंटाला असला काही परवाना लागत नाही. त्यामुळे कोणीही पाटी लावू शकतो. ओळखायची खूण एकच: खरा एजंट पुस्तक विकले गेल्यावर लेखकाच्या उत्पन्नातून टक्केवारी घेतो, साधारण पंधरा टक्के. वाचनाची फी म्हणून आधीच पैसे मागणाऱ्याला लांबूनच रामराम करावा.

तेव्हा नवोदितांनी एजंट शोधत बसण्यापेक्षा कादंबरीतले एखादे प्रकरण दिवाळी अंकाकडे पाठवावे आणि प्रकाशकाच्या करारातले अनुवाद-हक्कांचे कलम सही करण्यापूर्वी नीट वाचावे.

– एक वाचक, न्हावा शेवा (ता. उरण, जि. रायगड)