शेजारची अडगळ आणि शासन नावाचा शेजारी

शेजाऱ्याच्या आवारातील पडका गोठा, गंजलेली मोटार किंवा वर्षानुवर्षे साठलेला राडारोडा हा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात एक आळशी आणि उर्मट शेजारी उभा राहतो. मी ज्याच्याविषयी लिहिणार आहे तो शेजारी उर्मट नव्हता. ते केंद्र शासनाचे एक कार्यालय होते, आणि काही काळ त्याच्या वतीने सही करणारा अधिकारी मी होतो.

२०१८ साली मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी माझी बदली झाली. कार्यालयाच्या मागील आवारात चार जीपगाड्या आणि एक मालमोटार गंजत पडली होती. टायरांत पावसाचे पाणी साचे आणि गवतात साप निघत. कुंपणापलीकडे एका निवृत्त शिक्षिकेचे घर होते. सारे गाव त्यांना बहनजी म्हणे. मी रुजू झाल्यावर चौथ्याच दिवशी त्यांचे पत्र आले. धारिका मागवली, तेव्हा तीत त्यांची आधीची अकरा पत्रे निघाली. पहिले नऊ वर्षांपूर्वीचे होते. प्रत्येकाला एका ओळीचे उत्तर गेले होते : उचित कार्यवाही सुरू आहे.

अशा वेळी नागरिकाने काय करावे? कायदा आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३३ आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील कलम १५२ अन्वये कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतो. रतलाम नगरपालिकेच्या १९८० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निधी नसल्याची सबब ऐकून घेतली नाही, ती याच कलमाच्या संदर्भात. परंतु या कलमाला सार्वजनिक उपद्रव किंवा धोका दाखवावा लागतो. डास दाखवता येतात, कोसळू पाहणारी भिंत दाखवता येते. रोज सकाळी खिडकी उघडताच मनाला होणारा जाच दाखवता येत नाही. शिवाय नोटीस गेली की शेजारी शेजारी राहत नाही, प्रतिवादी होतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे पिगू आणि कोस आठवतात. दुसऱ्यावर लादलेल्या खर्चाचा भार लादणाऱ्याने उचलावा, हे पिगूने १९२० मध्ये मांडले. वाटाघाटी सुलभ असतील तर दोन्ही पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात, हे कोसने १९६० मध्ये दाखवले. दोघांनीही असा मालक गृहीत धरला आहे की ज्याला स्वतःचा नफातोटा कळतो आणि जो निर्णय घेऊ शकतो. आमच्या आवारात तसा कोणीच नव्हता. गाड्या राहिल्याचा त्रास बहनजींना होता. गाड्या हलवण्याचा धोका सही करणाऱ्या अधिकाऱ्याला होता.

हा धोका कोणता? सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१७ प्रमाणे निकामी वस्तूचे निर्लेखन करता येते. मात्र वस्तू कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे निकामी झाली असेल तर जबाबदारी निश्चित करावी, असेही तोच नियम सांगतो. आमच्या एका जीपची लॉगबुक हरवली होती आणि दुसरीचे इंजिनच गायब होते. निर्लेखनाच्या प्रस्तावावर जो सही करील, त्याला इंजिन कुठे गेले हे विचारले जाणार होते. जीप तशीच का पडून आहे, हे मात्र नऊ वर्षांत एकाही लेखापरीक्षकाने विचारले नव्हते. माझे पूर्वाधिकारी आळशी नव्हते. त्यांनी परिस्थिती अचूक वाचली होती. मीही ती धारिका पाच महिने टेबलावर ठेवली, हे येथे कबूल केले पाहिजे.

शेवटी आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. समितीने गाड्या जशा आढळल्या तशा नोंदवल्या आणि त्यांचा लिलाव झाला. इंजिनाच्या चौकशीसाठी वरिष्ठ कार्यालयाला स्वतंत्र पत्र गेले. माझ्याकडे खुलासा मागितला गेला, तो मी दिला. त्यापलीकडे काही घडले नाही.

त्यानंतर बरेच बदलले आहे. २०२१ पासून दर ऑक्टोबरात केंद्रीय कार्यालयांत प्रलंबित प्रकरणे आणि भंगार निकाली काढण्याची विशेष मोहीम होते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण सर्वसाधारणपणे बंद झाले आहे. हे स्वागतार्ह आहे. तथापि केवळ मुदत घालून आवार मोकळे होत नाही. जप्त वाहने पोलीस ठाण्यांत दीर्घकाळ ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले होते, तरी गंजलेल्या वाहनांनी वेढलेली ठाणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. माझ्या मते विल्हेवाट आणि जबाबदारीची चौकशी या दोन प्रक्रिया नियमातच वेगळ्या केल्या पाहिजेत, म्हणजे प्रामाणिकपणे सही करणाऱ्याला जुन्या पापाचे ओझे वाहावे लागणार नाही.

खाजगी मालमत्तेतही पुष्कळदा हेच असते. पडक्या वाड्यामागे आळस क्वचित असतो; बहुधा आपसांत न बोलणारे सात-आठ वारस असतात, आणि पहिला हात लावील त्याच्यावर बाकीचे तुटून पडतात. तेथे शेजाऱ्याने तक्रारीआधी अडचण विचारावी. वाटणीचा दावा चालू असेल आणि मालमत्ता सोयीने वाटता येण्याजोगी नसेल, तर निम्म्या किंवा अधिक हिश्श्याच्या मालकांच्या विनंतीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. वाटणी अधिनियम, १८९३ मधील ही तरतूद अनेक वारसांना ठाऊकही नसते.

गाड्या गेल्यानंतर बहनजी कार्यालयात आल्या. आभार मानायला नव्हे. इतका वेळ का लागला, हे विचारायला. मी त्यांना इंजिनाची हकीकत सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे पहिल्याच उत्तरात लिहिता आले असते. तुमच्या लेखी मी कोणीच नाही, असे मी नऊ वर्षे समजत होते."