पटावरची तपश्चर्या

नागपूरच्या दिव्या देशमुख हिने 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने आनंद व्यक्त केला व तो यथोचितच होता. परंतु यशाच्या जयघोषात यशाचे कारण हरवून जाते, हा आपला जुना अनुभव आहे. विजयाची वार्ता ऐकून आपल्या पाल्याला बुद्धिबळाच्या वर्गात घालणारे आणि वर्षाच्या आत चषकाची वाट पाहू लागणारे पालक आपल्या रत्नागिरीतही कमी नसतील. त्यांच्याशी चार शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बाटुमीत दिव्याला पंधरावे मानांकन होते. उपांत्य सामन्यात माजी जगज्जेती तान झोंगयी हिच्याविरुद्धचा निर्णायक डाव 101 चालींपर्यंत चालला. अंतिम सामन्यात तिच्यापुढे कोनेरू हम्पी होत्या. दिव्या अवघ्या 19 वर्षांची, तर हम्पींनी ग्रँडमास्टर हा किताब 2002 सालीच, म्हणजे दिव्याच्या जन्मापूर्वी, मिळवलेला. दीर्घ मुदतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत गेला आणि दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्याने बाजी मारली. याच विजयाने ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. शंभराव्या चालीपर्यंत चित्त विचलित होऊ न देणे हे एका दिवसात साधत नाही. त्यामागे बालपणापासूनची, कोणाच्या दृष्टीस न पडलेली वर्षे असतात.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. दैनिक 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तिन्ही कन्यांनी एकेकाळी महिलांचे राष्ट्रीय बुद्धिबळ गाजविले. वासंती 1974 च्या पहिल्याच राष्ट्रीय महिला स्पर्धेत विजयी झाल्या. रोहिणी यांनी 1976 साली वयाच्या तेराव्या वर्षी तेच पद मिळविले आणि 1981 साली आशियाई विजेतेपद जिंकले. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलीने उतरावे काय, या वादात जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्हे यांना निर्णय द्यावा लागला व तो स्त्रियांच्या बाजूने लागला. पटासमोर अढळ बसण्याचे बळ घरातून मिळते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

एकाग्रता म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. आपली चाल सुचली तरी हात आवरून प्रतिस्पर्ध्याच्या उत्तराचा विचार करणे, ही तिची पहिली पायरी. हात लावलेले मोहरे खेळलेच पाहिजे, हा नियम याच संयमाचा शिक्षक होय. दुसरी पायरी अधिक कठीण आहे. हरलेला डाव घरी येऊन पुन्हा पटावर मांडणे व 'मी कोठे चुकलो' हा प्रश्न स्वतःला निर्भीडपणे विचारणे, हे मोठ्यांनाही जड जाते. मोबाइलवर तासाभरात पंधरा-वीस झटपट डाव खेळणाऱ्या मुलास बोटांची चपळता येईल. पण लिहून ठेवलेला एक पराभव त्याला जे शिकवील, ते हे वीस डाव शिकविणार नाहीत.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. प्रत्येक मूल ग्रँडमास्टर होणार नाही. बहुतेक होणार नाहीत. बुद्धिबळ शिकले की गणिताचे गुण वाढतात, अशी आश्वासने ऐकू येतात. त्यांवर विसंबून कोणी मुलाला पटासमोर बसवू नये. निष्ठा ही मुलाची स्वतःची असावी लागते. पालकांच्या महत्त्वाकांक्षेची ती उसनवारी होता कामा नये. घरी परतणाऱ्या मुलाला 'जिंकलास का?' याऐवजी 'आज काय शिकलास?' असे विचारले, तर अर्धे कार्य झाले असे समजावे.

उरलेले अर्धे कार्य समाजाचे. खेळाडू मुंबई-पुण्यातच घडतात असे नाही. दिव्या नागपूरची, विदित गुजराथी नाशिकचा. आणि सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी व नूतन बुद्धिबळ मंडळाने हा खेळ पिढ्यानपिढ्या रुजविला. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 सालचे आहे. दोनशे वर्षे ग्रंथ जपू शकणाऱ्या या नगरीला मुलांसाठी शांत खोली, दहा पट आणि आठवड्यातून दोन संध्याकाळ शिकविणारा एक जाणता खेळाडू जमविणे अशक्य नाही. खर्च अल्प, साहित्य साधे; आणि कोकणच्या पावसाळ्याने मैदाने बंद केली तरी हा खेळ थांबत नाही. नगरपरिषद, शाळा व सुजाण नागरिक यांनी हे मनावर घ्यावे. त्या खोलीतून जगज्जेता निघेल की नाही, हे आज कोणी सांगू नये. पण तासभर एका विचारावर स्थिर राहणारी, आपली चूक कबूल करणारी दहा मुले जरी तेथून बाहेर पडली, तरी नगरीचा हा डाव आम्ही जिंकलेलाच मानू.