भंडाऱ्याचा कोसा: धागा मजबूत की कच्चा, हे कुठे ठरतं?

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगावचं कोसा कापड प्रसिद्ध आहे. विदर्भाच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण रेशमाच्या बातम्या बहुतेक वेळा कोषांच्या उत्पादनावर थांबतात. कापड किती टिकेल, हे त्यापुढच्या टप्प्यावर अवलंबून असतं.

कोसा म्हणजे काय?

ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारी अळी स्वतःभोवती कोष विणते. त्यापासून निघतो तो कोसा, म्हणजेच टसर. जिल्ह्यातला ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या या अळ्या वाढवतो. हा धागा दोन प्रथिनांचा असतो: आत ताकद देणारं फायब्रॉइन आणि वर डिंकासारखं सेरिसिन. दोन्ही नैसर्गिक पॉलिमर आहेत आणि पॉलिस्टरसारखे वर्षानुवर्षं पडून न राहता कुजतात.

ताकद कुठे जाते?

टसरचा कोष तुतीच्या कोषापेक्षा कठीण असतो. साध्या गरम पाण्यात तो नीट सुटत नाही, म्हणून सोडा घालून उकळतात. सोडा कमी पडला तर धागा अडकत, तुटत निघतो. सोडा किंवा वेळ जास्त झाला तर डिंकाबरोबर फायब्रॉइनच्या साखळ्याही तुटतात. असा धागा दिसायला चांगला, पण मागावर ताण बसला की तुटतो.

धागा ओढण्याच्या वेगाने काय होतं?

शाओ आणि फोलराथ या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की जिवंत अळीकडून वेगाने ओढलेला धागा जास्त मजबूत असतो, हळू ओढलेला जास्त ताणला जातो. तयार कोषात मात्र ही रचना आधीच पक्की झालेली असते. तिथे प्रश्न उरतो एकसारख्या जाडीचा आणि पिळाचा.

मग यंत्रं पुरेशी आहेत का?

देशाच्या टसर पट्ट्यात अनेक बायका मांडीवर धागा वळत आल्या आहेत. त्यात त्वचा सोलवटते आणि जाडीही कमी-जास्त होते. त्याऐवजी केंद्रीय रेशीम मंडळाचं ‘बुनियाद’ यंत्र देऊन मार्च २०२० पर्यंत ही पद्धत बंद करण्याचं सरकारी उद्दिष्ट होतं. पुढे ‘रेशीम समग्र-२’ला २०२१-२२ ते २०२५-२६ साठी सुमारे ४,६८० कोटी रुपये मंजूर झाले.

यंत्राने धागा एकसारखा निघतो, पण भांड्यात कमजोर झालेला धागा त्याने सुधारत नाही. म्हणून यंत्राबरोबर सोड्याचं माप, तापमान आणि वेळ पाळण्याचं प्रशिक्षणही हवं. ताण्याला टिकेल असा धागा इथे मिळाला नाही, तर विणकर बाहेरचं सूत घेतो आणि कोष वाढवणाऱ्याच्या हाती कमी पैसे येतात.

कोषांचं उत्पादन वाढल्याची बातमी पुढे कधी दिसली, तर एक प्रश्न नक्की विचारा: त्यातून मागावर टिकणारा धागा किती निघाला?